‘ॲटिट्यूड बरोबर नाही’ म्हणजे नेमकं काय? – वाचकांचे प्रश्न

कामाच्या जागची वृत्ती आणि सवयी या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बरीच पत्रं एकाच तक्रारीभोवती फिरणारी निघाली, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं गाळली आहेत. गोवा लहान आहे. कुंडईत कुणाविषयी काय लिहिलं ते दिवेलागणीपर्यंत फोंड्याला पोचतं.

प्रश्न : मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर आहे. हाताखालचा एक मुलगा हुशार आहे, पण त्याचा ॲटिट्यूड बरोबर नाही. सांगितलं की मान हलवतो आणि पुन्हा तेच करतो. लाइन क्लिअरन्सचा तक्ता तर न बघताच भरतो. दोन वर्षं अप्रेझलमध्ये मी ‘वृत्ती सुधारणे आवश्यक’ असं लिहितोय. त्याला समजवायचं कसं? (कुंडई)

उत्तर : दोन वर्षं एकच वाक्य लिहून फरक पडला नसेल, तर आधी ते वाक्य बदला. ‘वृत्ती सुधारणे आवश्यक’ हे वाचून त्या मुलाने सोमवारी सकाळच्या पाळीला आल्यावर हातांनी काय वेगळं करायचं? तुम्हालाही सांगता येणार नाही. अप्रेझलच्या फॉर्मातला हा सगळ्यात आळशी शब्द आहे, आणि तो बहुतेक वेळा लिहिणाऱ्याची सुटका करतो.

एक साधी वही घ्या आणि दोन आठवडे तीनच गोष्टी लिहा : तारीख, वेळ, काय घडलं. ‘बेफिकीर’, ‘उद्धट’, ‘ऐकत नाही’ हे शब्द वहीत आणायचे नाहीत. ‘मंगळवार, 10.40, बॅच बदलताना तक्त्यावर सही केली, कन्व्हेयरखाली वाकून पाहिलं नाही’ अशी नोंद हवी. दोन आठवड्यांनी वही उघडलीत की शंभर तक्रारींऐवजी दोन-तीनच गोष्टी दिसतील, आणि त्या ठरावीक वेळेलाच घडताना दिसतील. त्यांतली एकच हाती घ्या.

लाइन क्लिअरन्सचंच बघू, कारण पत्रात तेच आहे. एक बॅच संपली की तिची कार्टन, माहितीपत्रकं, फॉइल, छापलेली लेबलं असं सगळं लाइनवरून हटवायचं, मगच पुढची बॅच चढवायची. जुन्या बॅचचं एक कार्टन नव्यात गेलं तर बॅच नंबर आणि मुदत चुकीची जाते. कधी कधी औषधच चुकीच्या खोक्यात जातं. जिन्नस राहतात त्या जागा ठरलेल्या असतात : कन्व्हेयरच्या पट्ट्याखाली, रिजेक्शनच्या डब्याच्या तळाशी, कोडिंग मशीनच्या मागे चाचणीसाठी काढलेले पहिले दोन-चार छाप, आणि माहितीपत्रकं घडी करणाऱ्या यंत्रात अडकलेला एखादा कागद. हे सगळं नीट बघायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात.

आता फळ्याकडे बघा. तिथे पाळीअखेर किती शिपर (बाहेरची मोठी खोकी) भरले तेवढाच आकडा लागतो. नीट पाहणी करणाऱ्या मुलाचा आकडा कमी येतो. पाच मिनिटांत सही ठोकणाऱ्याचा जास्त येतो, आणि संध्याकाळी कौतुक त्याचंच होतं. तुमच्या मुलाने मान हलवली ती तुमच्या तोंडाकडे बघून, आणि काम केलं ते फळ्याकडे बघून. त्याच्या जागी दुसरा हुशार मुलगा बसवलात तरी महिन्याभरात तोही हेच शिकेल.

म्हणून आधी फळा दुरुस्त करा. बॅच बदलायला लागलेला वेळ वेगळ्या रकान्यात लिहा आणि उत्पादनाचा हिशेब करताना तो वजा धरा. पाहणीची दिशा ठरवून द्या : स्ट्रिप आत जाते त्या टोकापासून शिपर बाहेर पडतो त्या टोकापर्यंत, रोज त्याच क्रमाने. वाटेल तिथून सुरुवात केली की ओळखीच्या जागा दोनदा बघितल्या जातात आणि अडचणीची जागा राहते. सापडलेला प्रत्येक तुकडा ट्रेमध्ये टाकून मोजा. किती कार्टन दिली, किती वापरली, किती खराब झाली, किती परत केली, हा मेळ लागेपर्यंत तक्ता पुरा धरायचा नाही. दुसरी सही करणाऱ्याने स्वतः वाकून बघावं, पहिल्याची सही बघून नव्हे. आणि एक सांगून ठेवतो : परीक्षा म्हणून मुद्दाम कार्टन लपवून ठेवण्याची हुशारी काही सुपरवायझर करतात. तसं अजिबात करू नका. ते सापडायचं राहिलं तर घोटाळा तुमच्या हातून झालेला असेल.

एवढं झाल्यावर मुलाशी बोला. त्याच पाळीत, बाजूला घेऊन, दोन मिनिटं, एकाच कृतीबद्दल. ‘कळलं ना?’ असं विचारू नका, त्याला फक्त ‘हो’ एवढंच उत्तर असतं. ‘करून दाखव’ म्हणा. मग विचारा, ‘यात आड काय येतं?’ आणि गप्प राहा. पहिलं उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. आणखी दहा सेकंद थांबलात तर खरं बाहेर पडतं. टॉर्च नसते, पुढची माणसं ओरडतात, नाहीतर दुसरी सही करणारा तक्ता आधीच सही करून देतो.

‘माणूस खूश असला की काम आपोआप चांगलं होतं’ अशीही एक समजूत आहे. 2001 मध्ये टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी एकूण 54,417 लोकांवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कामातलं समाधान आणि कामगिरी यांचा सहसंबंध सुमारे 0.30 निघाला. म्हणजे माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकातला जेमतेम नऊ टक्के भाग समाधानाशी जुळतो. संबंध खरा आहे. पण वर्षातून एकदा रिसॉर्टवर नेऊन भाषण ऐकवलं की लाइन सुधारेल, असं त्यावरून निघत नाही.

सगळं देऊनही तो वाकून बघत नसेल, तर ती शिस्तीची बाब झाली. ती शिस्तीच्याच मार्गाने, तारखांसकट लेखी हाताळा. वही तिथेही उपयोगी पडेल.

प्रश्न : मी साखळीहून रोज पणजीला एका कर सल्लागाराच्या ऑफिसात जाते. बँकेची जुळवणी (वहीतल्या एंट्र्या बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहणं) महिनाअखेरीवर न टाकता रोज सकाळी करायची, असं ठरवलं होतं. एकवीस दिवस केलं की सवय लागते म्हणतात. सोळाव्या दिवशी चवथ आली, घरी पाच दिवस गणपती, आणि मग जे राहिलं ते राहिलंच. माझ्यात चिकाटीच नाही का? (साखळी)

उत्तर : ताई, चिकाटी आहे. आकडा चुकीचा मिळाला होता. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान 21 दिवस लागतात. पुढे सांगणाऱ्यांनी ‘किमान’ गाळला आणि चेहराही गाळला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 12 आठवडे रोज एक ठरलेली गोष्ट करायला लावून नोंदी घेतल्या. एखादी कृती आपोआप होऊ लागायला लागणाऱ्या दिवसांचा मध्य 66 निघाला, आणि फरक 18 ते 254 दिवस इतका. (254 हा आलेखावरून पुढे काढलेला अंदाज आहे, अभ्यास 84 दिवसांचाच होता.) पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर बसतात, व्यायामासारख्या उशिरा. बँकेची जुळवणी पाणी पिण्यासारखी नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : मधे एखादा दिवस चुकला तर सवय बसण्यावर फारसा परिणाम होत नाही. तुमचे मात्र सलग पाच दिवस गेले, आणि परत आल्यावर टेबलावर पाच दिवसांचा ढीग. ‘आधी मागचं पुरं करू, मग रोजचं’ असं ठरवलंत ना? बहुतेक जण तिथेच घसरतात. मागचं आणि आजचं ही दोन वेगळी कामं आहेत. आल्या दिवशी फक्त कालची एंट्री, फक्त एका खात्याची. ढिगासाठी शनिवारचा एक तास वेगळा काढा. सुट्टीवर जाण्याआधीच चिठ्ठी लिहून मॉनिटरला चिकटवून जा : ‘आल्यावर पहिलं : अमुक पक्षकार, अमुक बँक, कालचं पान.’ पुढे शिगमो येईल, गावची जत्रा येईल. चिठ्ठी तीच चालते.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘रोज सकाळी’ हा इशारा होत नाही. तुमची सकाळ म्हणजे बस, पणजीच्या स्टँडवरून चालत ऑफिस, पंखा, संगणक, मोबाइल, आणि मग पात्रांवांचा (साहेबांचा) पहिला निरोप. यातली कुठली तरी एक पक्की, रोज न चुकणारी गोष्ट पकडून तिला काम बांधा : ‘संगणक सुरू झाला की ईमेलच्या आधी बँकेचं कालचं स्टेटमेंट उघडायचं.’ पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा ‘अमुक झालं की तमुक करीन’ धाटणीच्या संकल्पांवर बरंच काम केलंय. 2006 मध्ये त्याने आणि पास्कल शीरनने 94 चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा नुसत्या निश्चयापेक्षा असा संकल्प ठळकपणे जास्त फळाला येतो असं दिसलं. ईमेलच्या आधी हे मात्र खरंच ईमेलच्या आधी. एकदा इनबॉक्स उघडला की सकाळ दुसऱ्याच्या नावावर जाते.

मापही लहान ठेवा. पंधरा मिनिटं किंवा एक खातं, जे आधी संपेल ते. चाळीस पक्षकारांची खाती रोज जुळवण्याचा बेत तिसऱ्या दिवशी मोडतो. टीडीएस भरायची 7 तारीख, जीएसटीच्या विवरणपत्रांपैकी जीएसटीआर-1 ची 11, आणि 3बी ची 20 (दरमहा भरणाऱ्यांसाठी) या दिवसांच्या आसपास पंधरा मिनिटंही मिळणार नाहीत. तेव्हा दोन मिनिटांचं रूप ठेवा : स्टेटमेंट उघडायचं, अखेरची शिल्लक वहीत लिहायची, बंद करायचं. कृती लहान झाली तरी चालेल, इशारा आणि कृती यांची गाठ सुटायला नको.

जुळवणी कंटाळवाणी होते ती फरक शोधत बसावं लागतं म्हणून. फरक आला की आधी 9 ने भागा. पूर्ण भाग गेला तर आकडे उलटसुलट पडल्याचा संशय घ्या : 4,530 च्या जागी 5,430 लिहिले की फरक 900. शून्य जास्त पडलं असेल तर भागाकारात मूळ रक्कमच सापडते : 1,200 चे 12,000 झाले तर फरक 10,800, आणि 10,800 ला 9 ने भागलं की 1,200. तिथे नाही लागलं तर फरकाची निम्मी रक्कम शोधा. जमेची एंट्री नावे पडली असेल तर फरक दुप्पट येतो. मग न वटलेले चेक आणि बँकेने कापलेले शुल्क. या क्रमाने गेलात तर एका दिवसाचा फरक बहुधा पाच मिनिटांत सापडतो, आणि महिन्याचा फरक महिनाअखेरीला का सापडत नव्हता तेही कळतं : त्यात चार चुका एकमेकींत मिसळलेल्या असतात.

प्रश्न : वर्कशॉपमध्ये फाईव्ह एस (कामाची जागा आवरून, नीट लावून ठेवण्याची जपानी पद्धत) केलं. ऑडिटच्या दिवशी सगळं चकाचक, पंधरा दिवसांनी परत पसारा. कामगारांना स्वच्छतेची आवडच नाही. (डिचोली)

उत्तर : आवरण्याची वेळ पाळी संपल्यानंतरची ठेवली आहे का? बस चुकवून पाने-स्पॅनर लावत बसायची आवड कुणालाच नसते. शेवटची दहा मिनिटं पाळीच्या आतच आवरण्याला द्या. हत्यारांच्या फळ्यावर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवा, म्हणजे काय गायब आहे ते लांबूनही दिसतं. आणि फळा मशीनपासून चार पावलांत आणा. वीस पावलांवरचा फळा फक्त ऑडिटला वापरला जातो. जी वस्तू पुन्हा पुन्हा चुकीच्या जागी सापडते, तिची जागाच चुकीची नेमलेली असते.

प्रश्न : कळंगुट पट्ट्यातल्या एका हॉटेलात मी फ्रंट ऑफिस बघते. पाळी बदलताना निरोप हरवतात. गेल्या हंगामात एका पाहुण्याची टॅक्सी दाबोळीला गेली आणि विमान मोपाहून होतं! मुलंमुली चांगली आहेत, पण जबाबदारीची जाणीव नाही. ती कशी आणायची? (बारदेश)

उत्तर : ही चूक करणाऱ्याला बहुधा जबाबदारीची पुरेशी जाणीव होती. त्याने टॅक्सी वेळेवर बोलावली, पाहुण्याचं सामान उतरवलं, हसून निरोपही दिला असणार. 5 जानेवारी 2023 ला मोपाचा विमानतळ सुरू होईपर्यंत गोव्यात ‘एअरपोर्ट’ म्हटलं की जागा एकच होती. जागा दोन झाल्या, बोलणं तेच राहिलं.

म्हणून नियम हवा तो शब्दाचा : रजिस्टरमध्ये नुसतं ‘एअरपोर्ट’ लिहायचं नाही. मोपा किंवा दाबोळी, फ्लाइट नंबर, सुटायची वेळ. पाहुण्याला ‘कुठला एअरपोर्ट?’ असंही विचारू नका. दिल्लीहून आलेल्या माणसाला ‘गोवा एअरपोर्ट’ एवढंच ठाऊक असतं. तिकीट बघायला मागा. त्यावर जीओएक्स असेल तर मोपा, जीओआय असेल तर दाबोळी. ड्रायव्हरला फोनवर सांगितल्यावर त्याच्या तोंडून परत वदवून घ्या, आणि ‘हो मॅडम’ला उत्तर धरू नका.

हाच प्रकार सगळ्या निरोपांचा. तुमच्या रजिस्टरमध्ये ‘204 चा एसी बघायला सांगितलाय’ अशी ओळ नक्की सापडेल. कुणी सांगितलं, कुणाला, कधी येणार, पाहुण्याला आपण काय शब्द दिला? रात्रीच्या पाळीच्या मुलाला यातलं काहीच कळत नाही, म्हणून तो काहीच करत नाही, आणि पाहुणा पहाटे दोनला खाली येतो. तीच ओळ अशी लिहा : ‘204. एसीतून पाणी गळतं. 9.15 ला मेंटेनन्सला कळवलं, 10 पर्यंत येतो म्हणाला. पाहुणे 11 पर्यंत बाहेर. न झाल्यास 310 रिकामी आहे, बदलून देऊ असं सांगितलंय.’ ओळीच्या सुरुवातीला रिकामं वर्तुळ काढा. काम संपलं की वर्तुळ भरायचं आणि वेळ लिहायची. पाळी घेणाऱ्याने फक्त रिकामी वर्तुळं बघायची. अख्खं पान वाचायला लावलं तर कुणी वाचत नाही.

हस्तांतरण उभ्या उभ्या, रजिस्टरवर बोट ठेवून, काउंटरपासून दोन पावलं मागे करा. चेक-इन करता करता पुटपुटलेला निरोप दिलेला धरू नका. दोन पाळ्यांमध्ये पंधरा मिनिटं एकमेकांवर चढवा आणि त्या पंधरा मिनिटांचा पगार द्या. हा खर्च वाचवायचा आणि वर जाणिवेवर भाषण द्यायचं, हे आमच्याकडे फार चालतं. शेवटी घेणाऱ्याने उघड्या बाबी स्वतःच्या शब्दांत परत सांगाव्यात. ही पायरी सगळ्यांना बालिश वाटते म्हणून सगळ्यात आधी गळते, आणि नेमकी तीच सगळ्यात कामाची. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ इस्पितळांमध्ये डॉक्टरांच्या पाळीबदलाला असाच साचा लावला, ज्यात परत सांगणंही होतं. 2014 मध्ये निघालेल्या निष्कर्षांत वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी घटल्या होत्या. डॉक्टरांना बालिश वाटलं नाही, तर रिसेप्शनला वाटायला नको.

हे ऑक्टोबरात, चार्टर उतरायला लागल्यावर सुरू करू नका. जूनपासून खोल्या रिकाम्या असतात. पावसात दहा पाहुण्यांवर सराव झाला तर हंगामात शंभरांवर टिकतो.

प्रश्न : मडगावात आमचं होलसेलचं दुकान. एक ते साडेतीन बंद ठेवतो आणि थोडा आडवा होतो. मुंबईत शिकून आलेला मुलगा म्हणतो, हा सुशेगादपणा धंद्याला मारक. त्याचं खरं का? (मडगाव)

उत्तर : दुकान कधी उघडं ठेवायचं हे गिऱ्हाइकं ठरवतील, ते तुम्ही बापलेकांनी बिलं बघून मिटवावं. आडवं होण्याविषयी मात्र सांगता येतं. दुपारची सुस्ती जेवणामुळेच येते असं नाही, न जेवताही ती बऱ्याच जणांना येते. शरीराच्या घड्याळाचाच तो उतार आहे. नासाने लांब पल्ल्याच्या विमानांच्या वैमानिकांना 40 मिनिटांची संधी दिली, ते सरासरी 26 मिनिटं झोपले, आणि न झोपलेल्यांच्या मानाने पुढच्या वेळात जास्त सावध राहिले.

मेख लांबीत आहे. वीस मिनिटांचा गजर लावा, तीसच्या पुढे जाऊ नका. तास-दीड तास गाढ झोपून उठलात तर पुढची वीस-तीस मिनिटं डोकं जड राहतं, आणि चार वाजता मालाची मोजणी चुकते ती याच वेळात. चारनंतर झोपलात तर रात्रीची झोप मोडते. झोपायचं नसेल त्याने या वेळेत बेरजा, रेट ठरवणं, नव्या व्यापाऱ्याशी बोलणं टाळावं. गोदाम लावणं, फोन करणं चालेल. पोर्तुगीज ‘सोसेगादु’ म्हणजे शांत, निवांत. त्याचा अर्थ आळस असा रस्त्याकडेच्या जाहिरातींनी करून ठेवला, त्याला तुम्ही काय करणार!

प्रश्न : पंचायतीत कारकून आहे. दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी खिडकीशी येतं, वर व्हॉट्सॲप. संध्याकाळी एकही फाइल पुरी झालेली नसते. एकाग्रता वाढवायला काय करू? (पेडणे)

उत्तर : एकाग्रतेकडे नंतर बघू. खिडकीशी येणाऱ्या माणसाला तुम्ही थांबवू शकत नाही, आणि थांबवूही नये. तो अर्धा दिवस मोडून आलेला असतो. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामाचा काही भाग मनात रेंगाळतो आणि पुढच्या कामाला लक्ष कमी पडतं. त्यावर तिनेच पुढे तपासलेला उपाय तुमच्या टेबलावर बसेल असा आहे. मान वर करण्याआधी फाइलवरच्या चिठ्ठीवर एक ओळ लिहायची : कुठे थांबलो, परत आल्यावर पहिलं काय. ‘घरपट्टी, घर क्र. 112 पर्यंत तपासली. पुढे 113, जुनी पावती शोधणे.’ दहा सेकंद लागतात. येणाऱ्याला ‘एक ओळ लिहितो हां, बाब’ म्हटलं तर कुणी रागावत नाही.

व्हॉट्सॲप हा वेगळा विषय, तो तुमच्या हातात आहे. सूचना बंद करून 11, 1 आणि 4 वाजता बघा, आणि सरपंच-सचिवांना सांगून ठेवा की तातडीचं असेल तर फोन करा.

प्रश्न : वेर्ण्याला औषध कंपनीत ट्रेनी आहे. हातून बारीक चूक झाली की सांगायची भीती वाटते, कारण सर सगळ्यांसमोर ओरडतात. सीनियर म्हणतात, ‘गप बस, रेकॉर्डमध्ये भरून टाक.’ काय करावं? (वेर्णा)

उत्तर : भरून टाकू नका. न पाहिलेलं तापमान अंदाजाने लिहिणं ही बारीक चूक राहत नाही. ती खोटी नोंद होते. तपासणीला आलेला माणूस नेमकं तेच शोधतो : एकाच शाईत, एकाच दाबाने, एका दमात लिहिलेले आठ तासांचे आकडे.

चुकीचा आकडा पडला असेल तर त्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख, दोन शब्दांत कारण. गिरवायचं नाही, व्हाइटनर नाही, पान फाडायचं नाही. नोंद राहूनच गेली असेल तर आत्ताची तारीख आणि वेळ टाकून ‘उशिरा केलेली नोंद’ असं लिहायचं, मागची वेळ टाकायची नाही. तुमच्या कारखान्याची लेखी पद्धत यात एखाद-दुसरी पायरी वाढवत असेल, ती आधी वाचा.

सरांना सांगताना माफीने सुरुवात करू नका, माहितीने करा. चार वाक्यं पुरतात : काय झालं, आत्ता परिस्थिती काय, तुम्ही काय थांबवलंत, त्यांच्याकडून काय हवं. ‘सर, तिसऱ्या लॉटच्या वाळवणीचं तापमान 11 ते 11.30 नोंदवायचं राहिलं. डिस्प्लेवर आत्ता 58 आहे. लॉट वेगळा ठेवून लेबल लावलंय. क्यूएला (गुणवत्ता विभागाला) कळवायचं आहे, तुम्ही याल का?’ ओरडणाऱ्यालाही या चौथ्या वाक्यानंतर काहीतरी करावंच लागतं, आणि चूक तासाभराची असताना करायचं काम दुसऱ्या दिवशीपेक्षा फार थोडं असतं.

हा अंक सरांच्या हाती पडला तर त्यांच्यासाठीही थोडं. एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात इस्पितळांच्या वॉर्डांमधल्या औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या चालणाऱ्या वॉर्डांत चुका कमी असतील ही अपेक्षा. नोंदी निघाल्या जास्त. खोलात गेल्यावर दिसलं की तिथे माणसं चुका बोलून दाखवत होती, बाकीच्या ठिकाणी झाकत होती. तेव्हा ज्या विभागाच्या वहीत सहा महिन्यांत एकही चूक नाही, तिथे आधी जाऊन बघा. आणि ट्रेनी दारात उभा राहिला की ‘कुणी केलं?’ हा प्रश्न दुपारवर टाका. आधी विचारा, ‘आत्ता काय थांबवायचं?’

सर जागेवर नसतील आणि निरोप फोनवर द्यावा लागला, तर फोन किती वाजता केला आणि कुणी उचलला ते लगेच आपल्या डायरीत लिहून ठेवा.